साडेसहा गुंठे मूर्खपणा

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगायला एक अख्खा समास दिला. तेवढ्याने भागलं नाही म्हणून त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी आणखी एक दिला. समर्थ जांबचे, म्हणजे आमच्याच मराठवाड्यातले. इकडचा माणूस त्यांना चांगला ठाऊक. तरीही दोन्ही समास मी ओळीवर बोट ठेवून वाचले, आणि पहाटे साडेपाचला उठून, गुडघ्याला पट्टा बांधून, पिवळा चेंडू जाळीपलीकडे घालवणाऱ्या आणि तो परत आला की हळहळणाऱ्या पंचेचाळिशीच्या गृहस्थाचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक तर समर्थांच्या काळी इकडे हा प्रकार नव्हता; किंवा हा मूर्खपणाच नव्हे. पहिला अर्थ खरा आहे. आम्ही दुसरा धरून चालतो.

आम्ही म्हणजे सहा जण. हळदीचे आडते सेठ, हाडांचे डॉक्टर, कालव्याचे इंजिनिअर, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर, तलाठी अण्णा आणि ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा मी. अण्णांच्या पदाला सरकारने आता ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलंय, पण फोरहँड तलाठ्याचाच राहिला आहे: कुठे पडेल ते अर्जदाराने आधी विचारू नये. कोर्ट सेठचं. हिंगोलीच्या कडेला एका जुन्या जिनिंगच्या आवारात हळद वाळवायचा सिमेंटचा ओटा आहे, त्यावर आम्ही रेषा मारल्या. अण्णांनी टेप लावून मोजलं. नुसतं कोर्ट लांबीला ७८ फूट, रुंदीला ३६ फूट, म्हणजे अडीच गुंठ्यांच्या किंचित वर. पळायला चहूबाजूंनी जागा धरली की १२० बाय ६०, म्हणजे साडेसहा गुंठे. "साडेसहा गुंठ्यांत काय पीक आहे म्हणून लावायचं?" असं अण्णांनी गंभीरपणे विचारलं होतं. 'पडीक' हा शब्द त्यांच्या ओठावर आला होता, पण सेठसमोर त्यांनी तो गिळला.

एक दोष राहिला. टेनिसचं कोर्ट उत्तर-दक्षिण असावं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ कुणाच्या डोळ्यांत ऊन जात नाही. आमचा ओटा पूर्व-पश्चिम. त्यामुळे सकाळी पश्चिमेला उभा असणारा माणूस सर्व्हिससाठी चेंडू वर फेकतो आणि थेट सूर्यनारायणाला रॅकेट मारतो. इथून जवळच औंढ्याला, नर्सीच्या नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खं देऊळ फिरलं अशी श्रद्धा आहे. आमच्यासाठी ओटा फिरला नाही. भक्ती कमी पडली म्हणावी तर आम्ही तीन वर्षांत एकही सकाळ चुकवलेली नाही, हळदीचे दिवस सोडून.

आवाराची राखण करणारे मामा पहिल्या आठवड्यात कंपाउंडला टेकून बघत होते. आठवड्याने त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, राग येऊ देऊ नका, पण एक इचारू का? ते चेंडू तुमच्याकडं येतोय तर कामून परत द्यायलात? ठेवून घ्या की." मी त्यांना खेळाचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे ज्याला परत देता येत नाही, तो हरला?" मी हो म्हणालो. "मग ते बँकवाले साहेब रोज जिंकायला पाहिजेत," असं म्हणून मामा गेटकडे गेले. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. दरम्यान इतर जी उत्तरं हाती लागली ती खाली देतो. प्रौढ माणूस टेनिस का खेळतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. आतल्यांना तर त्याहून कमी कळतं, पण आतले बोलतात छान.

सगळ्यात पुढचं कारण प्रकृती. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात एक कागद आणून खांबाला चिकटवला. कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांवर माणसांवर पंचवीस वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास, २०१८ साली छापून आलेला. बसून राहणाऱ्यांच्या तुलनेत जॉगिंग करणारे ३.२ वर्षं जास्त जगले, पोहणारे ३.४, सायकलवाले ३.७, फुटबॉलवाले ४.७, बॅडमिंटनवाले ६.२ आणि टेनिसवाले ९.७. मॅनेजर साहेबांनी चष्मा पुसला, खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या समासातच हिशेब केला. ९.७ म्हणजे नऊ वर्षं, आठ महिने, बारा दिवस. रोज जाण्यायेण्यासकट दीड तास, असे पंचवीस वर्षं भरले तर हप्ते होतात जेमतेम दीड वर्षाचे. दीड भरा, पावणेदहा उचला. "आमच्या अख्ख्या नोकरीत असा दर कुठल्या मुदत ठेवीला दिला नाही," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी बूट घेतले.

त्याच अभ्यासकांनी असंही लिहून ठेवलंय, की टेनिसमुळेच आयुष्य वाढलं असं यावरून सिद्ध होत नाही. कदाचित चार माणसांत मिसळण्याचा तो गुण असेल. ते पान डॉक्टरांनी आणलं नव्हतं. डेन्मार्कात मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकत नाही, हेही कुणी बोललं नाही. शिवाय हाडांचे डॉक्टर आमच्यात खेळायला येतात असं आपण समजतो. समोरचे पाच जण सिमेंटवर आडवे-तिडवे पळताहेत, थांबताहेत, गर्रकन वळताहेत, आणि हा माणूस नेटजवळ उभा राहून एकेकाच्या गुडघ्याकडे प्रेमाने बघतोय. शेतकरी उभ्या पिकाकडे बघतो तसं.

मला विचाराल तर प्रकृतीचं कारण हे लग्नाच्या पत्रिकेवरच्या 'आग्रहाचे निमंत्रण' सारखं असतं. छापावं लागतं, म्हणून छापतात. वजन कमी करायला आलेल्या इंजिनिअर साहेबांचं वजन तीन वर्षांत चार किलोने वाढलं, कारण खेळ झाल्यावर नाक्यावरची मिसळ आणि दोन-दोन जिलब्या हा खेळाचाच भाग आहे, असं आम्ही सर्वानुमते ठरवलं आहे.

खरं कारण शोधायचं तर जरा मागे जावं लागतं. १८७४ साली वॉल्टर विंगफिल्ड नावाच्या इंग्रज मेजरने या खेळाचं पेटंट घेतलं. त्याला 'स्फेरिस्टिके' असं नाव दिलं, आणि जाळी, खांब, रॅकेटी, चेंडू असं सगळं एका पेटीत घालून विकायला काढलं. नाव कुणाला उच्चारता आलं नाही, पण पेटी खपली. फौजेतल्या माणसाने काढलेला आणि पेटीत मावणारा खेळ; साहेब जिथे गेला तिथे पेटी गेली. साहेब गेले तरी साहेबी राहिली, ती जिल्ह्या-जिल्ह्याच्या गावी. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी निघून जिल्हा झाली. जिल्हा म्हटला की कार्यालयं आली, कार्यालयं म्हटली की साहेब आले, आणि साहेबाला सकाळी हात मोकळा करायला काहीतरी लागतं.

मध्यंतरी आमच्याकडे असेच एक मोठे साहेब खेळायला यायचे. खातं विचारू नका. ते यायला लागले आणि आमच्या सहा जणांचे सव्वीस झाले. ज्यांनी आयुष्यात विटी-दांडूच्या पलीकडे काही हातात धरलं नव्हतं, ते पांढरे बूट घालून सहाच्या ठोक्याला हजर. मला हरण्याची कला तेव्हा जवळून बघायला मिळाली. जिंकायला काय, अंगात जोर असला की झालं. साहेबांकडून नीट हरायला मात्र बुद्धी लागते. सहा-शून्य हरलात तर साहेबांना वाटतं, हा मनापासून काम करत नाही. सात-पाच हरलात तर वाटतं, हा डोईजड होणार. सहा-तीन, फार तर सहा-चार. तेही दुसऱ्या गेमला जरा घाम काढून, मग हळूहळू दमत जाऊन. साहेबांचा चेंडू कधी बाहेर पडत नसे. रेषा चुकीच्या जागी मारलेली असे. एकदा साहेबांनी मारलेला चेंडू कंपाउंडबाहेर उसात गेला, तेव्हा एका ठेकेदाराने "काय पॉवर आहे!" असं म्हटलं, आणि सगळ्यांनी उसाकडे पाहून मान डोलावली.

अठरा महिन्यांत साहेबांची बदली झाली. नवे साहेब बॅडमिंटन खेळतात असं रविवारी कळलं. सोमवारी आम्ही पुन्हा सहा होतो. इंजिनिअर साहेब तेवढे दोन्हीकडे हजेरी लावतात. गाडीत दोन्ही रॅकेटी ठेवतात आणि कुठली काढायची हे ठरवायला सकाळी एक फोन करतात. दोष देऊ नये. कालव्याच्या माणसाला पाणी कुठल्या फाट्याने सोडायचं हे वरून विचारूनच ठरवायची सवय असते.

आता कोपराबद्दल. या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण सहा महिन्यांतच मला टेनिस एल्बो झाला. झाला म्हणजे काय, मिळाला. गुडघे सगळ्यांचेच दुखतात; त्याला काही इज्जत नाही. पण स्टाफरूममध्ये खडू उचलताना 'आई गं' म्हणावं, कुणीतरी "काय झालं सर?" विचारावं, आणि आपण खिडकीबाहेर बघत "काही नाही, टेनिस एल्बो" म्हणावं, यात जे सुख आहे ते पीएचडी मिळाल्यावरही झालं नव्हतं. डॉक्टरांनी मला काळा पट्टा दिला. तो मी शर्टाच्या बाहीवरून दिसेल असा बांधत असे.

तपासायला डॉक्टर घरी आले होते. "तांब्या उचलताना इथे बाहेरच्या बाजूला कळ येते का?" त्यांनी माझा हात धरून विचारलं. मी हो म्हणायच्या आत चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "मला येते ना. किती वर्षं झाली. भाकरी थापताना तर फार." डॉक्टरांनी तिचं मनगट धरून वर दाबायला सांगितलं. तिने "अगं बाई" म्हणून हात ओढून घेतला. तिलाही टेनिस एल्बो होता, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जुना. डॉक्टर म्हणाले, यात नवल काही नाही. हे दुखणं रॅकेट धरणाऱ्यांपेक्षा दिवसभर मनगट पिळणाऱ्यांना जास्त होतं. धुणं पिळणाऱ्या, रंग देणाऱ्या, पाने-पक्कड चालवणाऱ्या माणसांना. नाव तेवढं टेनिसचं पडलं, कारण १८८३ च्या सुमारास विलायतेत ज्यांचं कोपर दुखलं आणि ज्यांचं दुखणं वैद्यकाच्या मासिकात छापून आलं ते टेनिस खेळत होते. धुणं पिळणाऱ्या बायांकडे तेव्हा कुणी मासिकवाला गेला असता, तर आज मला पिळणकोपर झाला असता आणि मी तो शर्टाच्या आत लपवला असता.

डॉक्टरांनी दोघांनाही तीन आठवडे विश्रांती सांगितली. मी घेतली. आईने हळद-तेल गरम करून माझ्या कोपरावर लेप लावला. बायकोने तो लेप वाटून दिला, उजव्या हाताने. तिने पट्टा मागितला नाही. मागितला असता तर मी दिला नसता असं नाही. त्यावर मी निश्चितच विचार केला असता.

विश्रांतीच्या तीन आठवड्यांत मी पढतमूर्ख झालो. हे पद आपोआप मिळत नाही, त्याला रात्री अकरा ते एक अभ्यास लागतो. फेडररचा एका हाताचा बॅकहँड मी मोबाईलवर इतक्या सावकाश पाहिला की त्याच्या मनगटाची प्रत्येक शीर मला ओळख देऊ लागली. खांदा किती अंशांत वळतो, वजन कुठल्या पायावरून कुठल्या पायावर जातं, सगळं तोंडपाठ. चौथ्या आठवड्यात कोर्टावर गेलो आणि पहिलाच बॅकहँड बाजूच्या मोकळ्या शेडच्या पत्र्यावर मारला. पण का गेला, हे आता मला सांगता येत होतं. आधी येत नव्हतं. शिक्षणाने एवढं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये रोहन बोपण्णाने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी जगात पहिला क्रमांक मिळवला. एवढ्या वयात तिथे पहिल्यांदा पोचलेला दुसरा पुरुष नाही. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती आणि अय्यंगार योगाने त्याला उभं केलं, असं त्यानेच सांगितलंय. या वाक्याचा पहिला अर्धा भाग आम्हा सहाही जणांच्या मनावर खोल बिंबला. "बघा, कूर्चा लागतच नाही," असं मॅनेजर साहेब म्हणाले. ते एकसष्ट वर्षांचे आहेत. बोपण्णाने त्याआधी वीस वर्षं काय केलं हे त्यांना विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात त्यांची सर्व्हिस आली. त्यांची सर्व्हिस खालून येते, आजोबा नातवाला कैरी टाकतात तशी, आणि तिला परतवणं आम्हा पाचही जणांना जमत नाही. मामांचं म्हणणं मला हल्ली वारंवार आठवतं.

गुणपद्धतीबद्दल बाहेरची माणसं उगाच हसतात. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस. पंधराचे पाढे येणारा माणूस इथे अडखळतो. मॅनेजर साहेबांनी पहिले दोन महिने दर गेमला पाचाची तफावत दाखवली. अण्णांना मात्र एका मिनिटात कळलं. "चाळीस गुंठे झाले की पुढे एकर," ते म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे गेम जिंकला असं कुणी म्हणत नाही, एकर झाला म्हणतात. ड्यूस झाला की सात-बारा अडकला. दोन्ही बाजू चाळिसावर आल्या, एक जण एक पाऊल पुढे गेला, दुसऱ्याने मागे ओढला, पुन्हा चाळीस-चाळीस. हे बघताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते फेरफार नोंदीच्या वेळीही नसतं.

आणि इथे आपण मुद्द्यापाशी येतो. माझे वडील सेनगाव तालुक्यात कोरडवाहू शेती करायचे. चुलत्यांशी त्यांचा बांधाचा वाद होता. बांध एक हात इकडे की तिकडे, यावर अकरा वर्षं कोर्टात गेले. एसटीने जायचे, दुपारी शेंगदाणे खायचे, तारीख घेऊन यायचे. त्या एक हात जमिनीत तुरीची सात झाडं आली असती. लहानपणी मी ठरवलं होतं की शिकायचं, नोकरी करायची, आणि आयुष्यात कधी कुणाशी बांधावरून भांडायचं नाही. शिकलो, नोकरीही लागली. आता मी रोज सकाळी कोर्टावर जातो आणि दोन इंच रेषेवरून सेठशी भांडतो. फरक एवढाच की वडिलांच्या भांडणात सात झाडं होती. माझ्यात तेवढंही नाही, म्हणून माझं भांडण जास्त शुद्ध आहे.

ते कसं असतं ते बघायला हवं. चेंडू रेषेच्या आसपास पडतो. अर्धा सेकंद शांतता. मग "आउट!" सेठ बोट वर करून सांगतात, लिलावात शेवटची बोली पुकारावी त्या आवाजात. मी नेटपाशी येतो. "सेठ, रेषेला लागला." "सर, एवढी जागा होती मधे." सेठ तर्जनी आणि अंगठ्यात जागा दाखवतात, ती दर वेळी वेगळी असते. डॉक्टर, जे माझ्या बाजूला आहेत, म्हणतात आत. मॅनेजर, जे सेठच्या बाजूला आहेत, म्हणतात बाहेर. सगळे चाळिशी लागलेले आणि त्यातल्या तिघांचे चष्मे बाकावर. अण्णांना बोलावलं जातं. अण्णा येतात, खाली बसतात, सिमेंटवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "जुनी खूण दिसायली." मग तो पॉइंट पुन्हा खेळायचा असं ठरतं, आणि दोन्ही पक्ष अन्याय झाल्याच्या समाधानाने जागेवर जातात. दिवसभर वर्गात, दुकानात, बँकेत, घरात ज्याला 'बरोबर आहे', 'बघतो', 'करतो' यापलीकडे बोलता येत नाही, त्याला पहाटे सहा ते सात या वेळात छाती पुढे काढून "शक्यच नाही!" असं ओरडता येतं. अख्ख्या दिवसात हाच एक तास असा असतो की ज्यात आपण हरलो तर कुणाचंच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच आम्ही जीव तोडून हरायचं टाळतो.

याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेझर, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या भुजेच्या लांबीत जो फरक पडतो, तो प्रोटॉनच्या व्यासापेक्षा हजारो पटींनी लहान असला तरी ती पकडणार. इंजिनिअर साहेबांनी एकदा सहज सुचवलं की ते यंत्र सुरू झालं की आपल्या बेसलाइनचंही बघून घेता येईल. सेठ तीन दिवस अस्वस्थ होते. विम्बल्डनने २०२५ पासून रेषेवरचे पंच घरी पाठवले आणि सगळा निवाडा कॅमेऱ्यांवर सोपवला, ही बातमी मी त्यांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "मग तिथं जाऊन माणसं बोलतात काय?"

सेठवर कुणी ठगीचा आरोप करू नये. ठगीच्या बाबतीत हिंगोलीची उंची फार वरची आहे. निजामाच्या फौजेतल्या कॅप्टन मेडोज टेलरने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' छापलं, त्याच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरीसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकिकत आहे. गावात पत असलेला माणूस; खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार. एकदा त्याने मुंबईकडून कापड आणण्यासाठी रीतसर परवाना काढला. कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं येत होतं. त्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत संपवलं, माल परवान्यावर उजळ माथ्याने हिंगोलीत आणला आणि इथल्याच छावणीत विकला. त्या मानाने रेषेवरचा एखादा बॅकहँड गिळणारा माणूस संतकोटीतला म्हणायला हवा. शिवाय कोर्ट सेठचं आहे.

माघ-फाल्गुनात ते खरोखरच सेठचं होतं. शेतातून काढलेली हळद शिजवून झाली की वाळवायला ओट्यावर येते, आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या खेपा लागून आमचा हंगाम बुडतो. बेसलाइनपासून नेटपर्यंत सेलमची कांडी पसरलेली असते. आम्ही तरीही जातो. पांढऱ्या कपड्यांत, रॅकेटी काखेत घेऊन, कडेला एका ओळीत उभे राहतो आणि हळद वाळताना बघतो. मॅनेजर साहेब उन्हाचा अंदाज घेतात. डॉक्टर कुणाचा गुडघा कसा आहे ते विचारतात. भाव चढा असला की सेठ आमच्याकडे बघत नाहीत. एकदा न राहवून इंजिनिअर साहेबांनी कडेच्या मोकळ्या पट्टीत दोन-चार चेंडू टोलवले. एक हळदीत गेला. टेनिसचा चेंडू १९७२ पर्यंत पांढरा असायचा, टीव्हीवर नीट दिसावा म्हणून पिवळा केला, असं म्हणतात. आम्ही सहा जण आणि मामा-मामी मिळून पाऊण तास शोधत होतो. शेवटी तो पॉलिशच्या ड्रममध्ये सापडला, केस गळालेला, हळकुंडांच्या बरोबरीने चकाकत.

यंदा शेवटची खेप उचलली तेव्हा रेषा पार गेल्या होत्या. ओटा सगळा पिवळाधमक. इंजिनिअर म्हणाले ऑइल पेंट आणू. सेठ म्हणाले, कशाला, घरात चुना आहे. संध्याकाळी अण्णांनी दोरी धरली, मी आणि डॉक्टरांनी चुना कालवला आणि ब्रशने रेषा ओढत गेलो. मागे वळून पाहिलं तर रेषा लाल. आधी केशरी, मग वीटकरी, मग चक्क कुंकवासारख्या लाल. डॉक्टर वाकून बघू लागले. मी काहीतरी रासायनिक बोललो. दाराशी भांडी घासत बसलेल्या मामींनी मान वर केली. "हळदीत चुना कालवल्यावर काय व्हतंय मग? कुकूच व्हनार की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

सकाळी खेळायला उतरलो तेव्हा रेषा दवाने ओलसर होत्या. तिसऱ्याच गेमला, चाळीस-तीस असताना, मी बॅकहँड मारला. फेडररने मारला असता तसा नव्हे, पण गेला. सेठच्या डाव्या हाताला, बेसलाइनवर. "आउट!" सेठ ओरडले. चेंडू उसळून मामांच्या पायाशी जाऊन थांबला. मामांनी उचलला, फिरवून पाहिला आणि काही न बोलता मधे आणून दिला. पिवळ्या चेंडूवर लालभडक पट्टा उमटला होता, करंगळीएवढा. रेषेला लागल्याशिवाय तो लागणं शक्य नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा पुरावा हातात आला होता. डॉक्टर नेटपाशी आले, मॅनेजर आले, अण्णा चष्मा घालून आले. सगळ्यांनी पाहिलं. चेंडू सेठच्या हातात दिला.

सेठनी तो उन्हात धरला. उलटा केला. अंगठ्याने पट्टा जरा घासून पाहिला, हळकुंड घासून बघतात तसा, आणि अंगठा नाकाशी नेऊन वास घेतला.

"हे कालचं आहे," ते म्हणाले.